आठशे फुटांच्या आत

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्याने हे म्हटलं त्याने घर मोजून पाहिलेलं नसावं. मी पाहिलं. तेव्हापासून दारावर टकटक झाली की मी आतल्या खोलीत जातो आणि खाकी पाकीट दिसलं की बायकोला पुढे करतो. मी मुळात भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायची लाज वाटेल.

निवृत्तीनंतर घर कुठे घ्यायचं हे लोक हवापाणी बघून ठरवतात, मुलं कुठे आहेत ते बघून ठरवतात. मी घरपट्टी बघून ठरवलं. पेन्शन दर वर्षी मुंगीच्या पावलाने वाढते आणि घरपट्टी सशाच्या उड्या मारते. एक ना एक दिवस ती पेन्शनला गाठणार आणि आम्ही दोघं म्हातारपणी सामानासकट रस्त्यावर येणार, हे चित्र मला इतकं स्पष्ट दिसायचं की त्यात आमची बादलीसुद्धा ओळखू यायची. म्हणून मी अकरा गावांचा एक मोठा तक्ता केला. निवृत्तांना घरपट्टीत सवलत कुठे, किती, आणि कशाच्या बदल्यात. एका गावात सवलत पंच्याहत्तरीनंतर होती, म्हणजे घेणारा उरलाच तर. दुसऱ्या गावात दर वर्षी तिसऱ्या मजल्यावर स्वतः हजर होऊन आपण जिवंत असल्याचं दाखवायचं होतं, आणि लिफ्ट बंद होती. जो जिना चढून वर पोचला तो पूर्ण कर भरायला धडधाकट आहे, असा त्यांचा हिशेब असावा.

बायको हे सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच विचारायची, "त्या घराला खिडकी आहे का?"

तिचंही बरोबर होतं. ती कपडे शिवते. एकतीस वर्षं ऑफिसच्या क्वार्टरमध्ये तिचं मशीन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होतं आणि समोरची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडत होती. काळ्या कापडावर काळा दोरा ओवताना ती भर दुपारी ट्यूबलाइट लावायची. तिने माझ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. उजेड मागितला, आणि तोही निवृत्तीनंतर.

शेवटी हे गाव सापडलं. नियम सुटसुटीत होता. मालक साठीच्या पुढचा असावा, स्वतः राहत असावा आणि घर आतून आठशे चौरस फुटांच्या आत असावं. एवढं असलं की घरपट्टी फक्त पाव. चौदा सारख्या घरांची एक गल्ली होती, सगळी एकाच बिल्डरची, आणि त्यातल्या तेरा घरांत माझ्यासारखेच निवृत्त लोक तक्ते करून येऊन बसले होते. चौदावं आम्ही घेतलं. नगरपालिकेच्या रजिस्टरात क्षेत्रफळ सातशे शहाण्णव. खाली शिक्का. मी शिक्का बघितला आणि निर्धास्त झालो. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस डोळ्यांपेक्षा शिक्क्यावर जास्त विश्वास ठेवतो. आणि बैठकीच्या खोलीला पूर्वेकडे एवढी मोठी खिडकी होती की बायको तिच्यासमोर दहा मिनिटं नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "मशीन इथे."

इथवर सगळं चांगलं चाललं होतं. मग मी सवलतीचा अर्ज भरला.

अर्ज दोन पानी होता. दुसऱ्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं, 'घराचा नकाशा (असल्यास)'. आता तुम्हाला सांगतो, मी पाणीपुरवठा खात्यात हेड ड्राफ्ट्समन होतो. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक रेघ वाकडी गेली नाही. माझ्यासारख्याच्या अर्जात 'असल्यास'पुढे मोकळी जागा राहणं म्हणजे गवयाने लग्नात जाऊन नुसतं जेवून येण्यासारखं. मी माझी स्टीलची टेप काढली. ही टेप मी स्वतःच्या पैशांनी घेतलेली, कारण खात्याच्या कापडी टेपवर माझा कधीच भरवसा नव्हता. कापड ताणतं. साइटवर कापडी टेप घेऊन येणाऱ्या किती ओव्हरसियरांना मी परत पाठवलंय! तीन दिवस खपून मी नकाशा केला. शाईत. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी अर्ध्या इंचापर्यंत, उत्तर दिशेचा बाण, कोपऱ्यात माझं नाव आणि हुद्दा. बायको म्हणाली, "मागितलाय का त्यांनी?" मी म्हटलं, "असल्यास." ती म्हणाली, "मग नाहीये म्हणायचं." बायकांना कागदपत्रांचं गांभीर्य नसतं, असं मी मनातल्या मनात म्हटलं आणि नकाशा अर्जाला जोडून देऊन आलो.

एक झेरॉक्स मात्र घरी ठेवली. कुणाला तरी दाखवायला नको का?

ती दाखवायला मी शेजारी गेलो. शेजारी निवृत्त मुख्याध्यापक राहतात. गणित शिकवायचे. त्यांनी नकाशा हातात घेतला, "वा, वा" म्हणाले आणि सवयीने खिशातली पेन्सिल काढली. मी त्यांना रेघांची जाडी समजावत होतो आणि ते समासात काहीतरी आकडे मांडत होते. मांडता मांडता त्यांचा हात थांबला.

"अहो," ते म्हणाले, "हे आठशे बेचाळीस होतंय."

"काय?"

"तुमचं घर. आणि तुमचं म्हणजे माझं. म्हणजे सगळ्यांचंच."

तुम्ही म्हणाल, तीन दिवस खोल्या मोजल्या आणि गुणाकार केला नाहीत? नाही केला. आमच्या खात्यात रेघ मारणारा वेगळा आणि गुणाकार करणारा वेगळा. गुणाकाराला एस्टिमेट सेक्शन होतं, ते दुसऱ्या मजल्यावर बसायचं. चौतीस वर्षं मी त्यांच्या कामात ढवळाढवळ केली नव्हती. अर्जात क्षेत्रफळाच्या रकान्यात मी रजिस्टरातला आकडा उतरवला होता, आणि त्याच अर्जाला तो आकडा खोटा पाडणारा पुरावा स्वतःच्या सहीनिशी जोडला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी तिथेच खुर्चीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी नगरपालिका उघडायच्या आधी अर्धा तास मी दारात उभा होतो. खिडकीवरच्या बाई शांतपणे पर्स ठेवून बसल्या, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, "हं."

"कालच्या अर्जाला एक नकाशा जोडलाय. तो परत हवा होता."

"आवक नंबर पडला त्याला. आत आलेला कागद बाहेर जात नाही."

"पण तो मी सहज जोडला होता."

"परत घ्यायचा अर्ज करा. कारण लिहा. चुकीचा आहे का नकाशा?"

आता बघा, इथे मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "चुकीचा? शक्यच नाही."

"मग बरोबर असल्याच्या कारणावरून परत द्यायची तरतूद नाही," बाई म्हणाल्या. मग जरा मायेने पुढे वाकल्या. "आजोबा, घाबरू नका. तुमचा नकाशा साहेबांना फार आवडलाय. चौदा वर्षांत अर्जाला नकाशा जोडणारे तुम्ही पहिलेच. साहेबांनी काढून टेबलावर ठेवलाय. म्हणाले, हे घर एकदा बघायला गेलं पाहिजे."

घरी कसा आलो ते आठवत नाही. चार दिवसांनी खाकी पाकीट आलं. एकवीस दिवसांत केव्हाही निरीक्षक प्रत्यक्ष मोजणीला येतील, मालकाने घरी हजर राहावं. 'केव्हाही' या शब्दाखाली मीच पेन्सिलीने रेघ मारली आणि मग ती रेघ बघून मलाच धडकी भरली.

बातमी गल्लीत पसरायला एक संध्याकाळ पुरली. पलीकडच्या घरात कंपाउंडर राहतात. चाळीस वर्षं दवाखान्यात लोकांना इंजेक्शनं देऊन त्यांना एक सवय लागली आहे. समोरचा माणूस आधी पुरेसा घाबरला पाहिजे. ते मला गाठून म्हणाले, "माझ्या मेव्हण्याच्या ओळखीत एक जण होते. त्यांचंही असंच वाढलं. मागच्या सगळ्या वर्षांची सवलत वसूल केली. व्याजासकट."

"मग?"

"मग काय, घर विकलं. आता मुलीकडे असतात. बाल्कनीत झोपतात."

"पण माझं तर पहिलंच वर्ष आहे."

"तुमचं पहिलं आहे हो. आमचं अकरावं आहे!" आणि हे म्हणताना त्यांचा आवाज फाटला. तेव्हा मला कळलं की हा माणूस मला घाबरवत नव्हता, तो स्वतःच घाबरला होता. त्यांची बायको वर्षभर अंथरुणाला खिळून आहे. पूर्ण घरपट्टी भरायची तर औषधांत काटछाट करावी लागेल. मला मान वर करवेना.

रविवारी मुख्याध्यापकांच्या बैठकीत सगळी गल्ली जमली. तेरा घरांतली माणसं माझ्याकडे न बघता माझ्याविषयी बोलत होती. शाळेत फूटपट्टी तोडलेल्या मुलासारखा मी कोपऱ्यात बसलो होतो.

मुख्याध्यापक म्हणाले, "उपाय सोपा आहे. यांनी लिहून द्यावं, नकाशा चुकलाय. मोजणीच रद्द होईल."

सगळ्यांचे चेहरे उजळले. मी उभा राहिलो. "मी वाट्टेल ते करीन," मी म्हटलं, "पण नकाशा चुकला असं लिहिणार नाही. चौतीस वर्षांत..."

"चौतीस वर्षांचं माहीत आहे आम्हाला," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाही, तुम्हाला माहीत नाही. माझ्याकडे ना हुद्दा राहिला, ना टेबल, ना शिपाई. ती एक गोष्ट उरली आहे. तीही लिहून दिली तर मी कोण?"

माझा आवाज नको तेवढा वर गेला होता. मुख्याध्यापकांनी पेन्सिल कानामागे खोचली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "नकाशा चुकवायचा नसेल, तर घर चुकवावं लागेल."

त्यांची युक्ती अशी. घर आतून मोजतात. म्हणजे बाहेरून तेवढंच ठेवून भिंती आतल्या बाजूने जाड केल्या, की घर लहान. विटांचं पाच इंचांचं अस्तर सगळीकडे फिरवायचं. कुणी विचारलंच तर सांगायचं, नकाशा काढल्यानंतर ओल आली म्हणून लावलं. भीतीत माणसाला कुठलीही गोष्ट पटते. मला ही पटली, इतकी की मी घरी येऊन ती बायकोला स्वतःचीच म्हणून सांगितली.

गवंड्याने सगळं दोनदा ऐकून घेतलं. "साहेब, लोक मला घर वाढवायला बोलावतात," तो म्हणाला. मग त्याने आमच्याकडे डोकं फिरलेल्यांकडे बघावं तसं बघितलं आणि निम्मे पैसे आधी मागितले.

काम बारा दिवस चाललं. या बारा दिवसांत निरीक्षक आला तर काय, या भीतीने मी फाटकापाशी खुर्ची टाकून बसत होतो. लांबून सायकल दिसली की आत धावत जाऊन गवंड्याला थापी लपवायला सांगायचो. दोनदा दूधवाला निघाला, एकदा पोस्टमन. आत तर निराळाच प्रकार चालू होता. दिव्यांची बटणं जुन्या भिंतीत आणि नवी भिंत त्यांच्यापुढे, त्यामुळे प्रत्येक बटण एका खड्ड्याच्या तळाशी गेलं. दिवा लावायचा तर मनगटापर्यंत हात आत घालावा लागे. बायको म्हणाली, "साप वगैरे नाही ना आत?" त्यानंतर मी अंधारात बसणं पसंत करू लागलो. कपाटाचं दार अर्धंच उघडायला लागलं. आमचा पलंग खोलीच्या मापाने करून घेतलेला. खोली दहा इंचांनी आवळली, तेव्हा पलंग बाहेर काढावा लागला, आणि बाहेर काढल्यावर तो बैठकीतून पुढे जाईना. तेव्हापासून आम्ही पलंग ओलांडूनच स्वयंपाकघरात जाऊ लागलो.

दहाव्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्याच स्टीलच्या टेपने मोजणी केली. "आठशे तीन," ते म्हणाले. "फक्त पूर्वेची भिंत राहिलीय. ती घेतली की सातशे सत्त्याण्णव."

पूर्वेची भिंत म्हणजे खिडकीची. भिंत आणि दार यांच्यामधल्या जागेत मशीन मापात बसलं होतं. पाच इंच पुढे आलं असतं तर दारच उघडलं नसतं.

"दुसरीकडून कुठून सहा फूट निघणार नाहीत?" मी विचारलं.

मुख्याध्यापकांनी मान हलवली. त्यांनाही वाईट वाटत होतं. बायको मशीनवर बसली होती. तिने हातातली शिवण पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, मशीनवर झाकण घातलं आणि म्हणाली, "एका बाजूने धरा जरा." आम्ही दोघांनी मशीन उचलून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेलं. तिने भांडायला पाहिजे होतं. भांडली असती तर मला थोडं तरी बरं वाटलं असतं.

विसाव्या दिवशी निरीक्षक आले.

मी कुणी दांडगा, पोलिसी मिशांचा माणूस डोळ्यांसमोर धरला होता. आले ते एक वाळके, पिकल्या केसांचे गृहस्थ. त्यांनी चपला दाराबाहेर नीट लावून ठेवल्या. काखेत रजिस्टर, रजिस्टरात माझा नकाशा. "फार सुबक काम," ते म्हणाले. "हल्ली असं कुणी करत नाही." एरवी मी हवेत तरंगलो असतो. आत्ता तो नकाशा त्यांच्या हातून हिसकावून घ्यावासा वाटत होता. खिडकीच्या गजांबाहेर मुख्याध्यापक, कंपाउंडर आणि गल्लीतली आणखी सात-आठ डोकी कुंडीत पाणी घालत असल्यासारखी उभी होती. कुंडी एकच होती.

निरीक्षकांनी पिशवीतून चामड्याची गोल डबी काढली. पितळी कडी ओढली आणि मला म्हणाले, "हे टोक धरा."

ती टेप कापडी होती.

मी टोक भिंतीला लावलं. बैठकीची लांबी मला तोंडपाठ होती. अस्तरानंतर सतरा फूट दोन इंच. निरीक्षकांनी टेप ताणली, वाकून वाचलं आणि म्हणाले, "सोळा-आठ."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुढच्या खोलीतही तेच. प्रत्येक मापात काही इंच गायब. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टेप ताणलेली होती! वर्षानुवर्षं ओढून ओढून तिच्या खुणा एकमेकींपासून लांब गेल्या होत्या. फूट म्हणून ती जे दाखवत होती ते फुटापेक्षा मोठं होतं. ही गल्ली बांधली तेव्हा हीच टेप फिरली असणार, आणि म्हणूनच रजिस्टरात सातशे शहाण्णव आणि माझ्याकडे आठशे बेचाळीस. मी विटा उगाच रचल्या होत्या. मी काहीच केलं नसतं, तर या माणसाने आज मोजून सातशे शहाण्णव लिहिलं असतं आणि चहा पिऊन गेला असता.

निरीक्षकांनी बेरीज केली. दोनदा केली. "सातशे त्रेपन्न," ते म्हणाले. "रजिस्टरात सातशे शहाण्णव. त्रेचाळीस फूट कुठे गेले?"

"ओल," मी म्हटलं. "ओल आली होती. अस्तर लावलं."

"परवानगी घेतलीत?"

"घर कमी करायला?"

"वाढवायला लागते, कमी करायलाही लागते." त्यांनी माझा नकाशा उलगडला, शेजारी रजिस्टर ठेवलं, त्याशेजारी आजचा कागद. "नकाशात आठशे बेचाळीस. रजिस्टरात सातशे शहाण्णव. जागेवर सातशे त्रेपन्न. आजोबा, हे तिन्ही तर बरोबर असू शकत नाहीत."

आणि तिन्ही बरोबर होते, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

"नकाशा बरोबर असेल," ते पुढे म्हणाले, "तर मला गल्लीतल्या चौदाही घरांची मोजणी परत लावावी लागेल. नवी यंत्रं आली आहेत ऑफिसात, लाल दिव्याची. मी काही ती वापरत नाही, पण ती मागवता येतील. तर सांगा, नकाशा बरोबर आहे का?"

खिडकीबाहेर कुंडीतलं पाणी ओसंडून कुणाच्या तरी पायावर पडत होतं, आणि तो माणूस हलत नव्हता. कंपाउंडरनी दोन्ही हातांनी गज धरले होते. भीती होतीच, पण तिच्याखालून चौतीस वर्षांची जित्याची खोड वर येत होती. चुकीचं माप समोर दिसतंय आणि गप्प बसायचं, हे मी कधी केलं नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "तुमची टेप..."

"कापडी आहे का हो?" मागून बायको म्हणाली. ती चहा घेऊन आली होती. कप तिने टेबलावर ठेवले आणि टेपचं टोक बोटांत धरून बघितलं, दुकानात कापड बघते तसं.

"हो," निरीक्षक म्हणाले. "नोकरीला लागलो तेव्हा मिळाली. तीस वर्षं झाली."

"या गल्लीतली घरं याच टेपने मोजली होती?"

"मीच मोजली. ही काय आणि गावातली काय, सगळी याच टेपने."

"मग झालं तर," बायको माझ्याकडे बघत म्हणाली. "शिवणकामात एकच नियम असतो. ज्या टेपने अंगाचं माप घेतलं, त्याच टेपने कापड कापायचं. टेप कशी का असेना, कपडा बरोबर बसतो. मध्येच कुणी दुसरी टेप आणली की बाही आखूड झालीच म्हणून समजा."

निरीक्षकांनी चहाचा घोट घेतला. ते माझ्याकडे बघत होते की माझ्या मागच्या भिंतीकडे, मला सांगता येणार नाही.

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. कोपऱ्यात मशीन होतं, त्याच्यावर झाकण, आणि वर ट्यूबलाइट जळत होती. सकाळचे अकरा वाजले होते.

"कागद द्या," मी म्हटलं.

'नकाशा कार्यालयाच्या मापाशी जुळत नाही', असं मी लिहायला घेतलं. निरीक्षक म्हणाले, "असं नाही चालत. वर विचारतात, मग का जुळत नाही? सरळ लिहा, चुकला." मी लिहिलं, 'मी काढलेला नकाशा चुकला आहे.' सही केली. "खाली हुद्दा," ते म्हणाले. मी हुद्दा लिहिला. निवृत्त हेड ड्राफ्ट्समन. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक रेघ वाकडी गेली नव्हती, पण त्या ओळीतली अक्षरं सगळी वाकडी आली.

निरीक्षकांनी कागदावर फुंकर मारली, तो रजिस्टरात ठेवला आणि विनापरवाना अस्तर तीस दिवसांत काढून घर मूळच्या मापावर आणावं अशी नोटीस हातात दिली. मग टेप गुंडाळू लागले. कापड डबीत शिरताना त्यांनी ते अंगठ्याने हळूहळू पुसलं.

"पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय," चपला घालताना ते म्हणाले. "टेप स्टोअरला जमा करावी लागेल. बघू, त्यांनी मागितली तर." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "या गल्लीत एखादं घर निघालं तर कळवा. आमचाही शोध चालू आहे."

फाटकाबाहेर कंपाउंडरनी माझा हात धरला आणि सोडेचनात.

गवंडी परत आला. पाडायचे पैसे बांधण्यापेक्षा जास्त असतात, हे तेव्हा कळलं. पलंग आपल्या जागी गेला, बटणं खड्ड्यातून वर आली आणि मशीन पूर्वेच्या खिडकीत परत बसलं. सवलतीचं पत्र आलं, क्षेत्रफळ सातशे शहाण्णव, खाली शिक्का. तरी माझी भीती काही पुरती गेलेली नाही. लाल दिव्याची यंत्रं ऑफिसात आहेतच. माझी स्टीलची टेप मी ट्रंकेच्या तळाशी जुन्या स्वेटरात गुंडाळून ठेवली आहे. मध्यंतरी मुख्याध्यापक ती मागायला आले होते, त्यांना फडताळ करायचं होतं. मी सांगितलं, हरवली. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं."

गेल्या आठवड्यात बायकोने त्या खिडकीला पडदा शिवायचं काढलं. मला स्टुलावर चढवून हातात स्वतःची टेप दिली, पिवळी, कडा विरलेली. मी माप घेतलं, मोठ्याने वाचलं, तिने खडूने लिहिलं. ती चहा टाकायला आत गेली तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी तिची टेप माझ्या जुन्या ड्रॉइंगच्या पोलादी पट्टीला लावून बघितली. फुटामागे पाव इंच ताणलेली होती.

ती बाहेर आली. मी पट्टी पाठीमागे लपवली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि टेप तिच्या हातात दिली.

तिने त्याच टेपने कापड मोजून कापलं. पडदा बरोबर बसला.